मदरबोर्डाचं भंगार: भाव कुठे मिळतो आणि कुठे गळतो

शाळेच्या किंवा क्लासच्या लॅबमधले २५ जुने डेस्कटॉप काढायचे ठरले, की पहिला प्रश्न येतो तो "नगाला किती?" हा. प्रश्नच चुकीचा आहे. नगावर दर ठरला की पत्रा, तारा, पॉवर सप्लाय आणि बोर्ड एकाच भावात जातात, आणि पैसा ज्या थोड्या किलोंत असतो ते किलो घेणाऱ्याला फुकट मिळतात. म्हणून इथे कॉम्प्युटरचे बोर्ड विकण्याच्या वाटा तपासल्या आहेत: दारावरचा भंगारवाला, बोर्ड प्रतवारीने घेणारा घाऊक खरेदीदार, नोंदणीकृत रिसायकलर, आणि व्हिडिओ पाहून घरच्या घरी सोनं काढण्याचा उद्योग.

आधी हिशेब. २०००च्या दशकातल्या पीसी बोर्डांसाठी धातुउद्योगात सर्रास वापरले जाणारे आकडे असे आहेत: टनामागे सोनं सुमारे २५० ग्रॅम, पॅलेडियम ११० ग्रॅम, चांदी १ किलो आणि तांबं २०० किलो, म्हणजे २० टक्के. खाणीतून निघणाऱ्या दगडात टनाला काही ग्रॅम सोनं मिळालं तरी खाण चालते, हे लक्षात घेतलं की बोर्डाला एवढी मागणी का आहे ते कळतं. आता किलोवर या. सोपे जावेत म्हणून सोनं ग्रॅमला १०,००० रुपये, पॅलेडियम ३,००० रुपये, चांदी १०० रुपये आणि तांबं किलोला ८०० रुपये धरू. हे भाव फक्त हिशेबापुरते आहेत, विकण्याच्या दिवशीचे भाव तुम्ही घाला. एक किलो बोर्डात सोन्याचे २,५०० रुपये, पॅलेडियमचे ३३०, चांदीचे १०० आणि तांब्याचे १६०. एकूण ३,०९०. वजनात पाचवा हिस्सा असलेलं तांबं किमतीत ५ टक्के भरतं, आणि वजनात ०.०२५ टक्के असलेलं सोनं ८० टक्क्यांच्या वर.

हा ३,०९० रुपयांचा आकडा पाहून कुणीही हरखून जाऊ नये. एक तर तो जुन्या, जड मुलाम्याच्या बोर्डांचा आहे. सोनं महागत गेलं तसे मुलामे पातळ होत गेले. चिपच्या आतल्या केसाएवढ्या जोडतारा पूर्वी सोन्याच्या असत, त्या बऱ्याच ठिकाणी तांब्याच्या झाल्या. छोट्या सिरॅमिक कपॅसिटरमधलं पॅलेडियम १९९० नंतर हळूहळू निकेलने हटवलं. त्यामुळे चकचकीत नवा बोर्ड म्हणजे भारी बोर्ड असं अजिबात नाही, बहुतेक वेळा उलटंच. दुसरं म्हणजे बोर्डापासून सोन्याच्या लगडीपर्यंतच्या वाटेत वाहतूक, दळण, नमुना तपासणी, भट्टीचा खर्च आणि महिनोन्महिने अडकलेलं भांडवल असं सगळं बसलेलं आहे. पूर्ण धातुमूल्य कुणालाच मिळत नाही. पण बोली योग्य आहे की लूट, हे मोजायला हाच आकडा लागतो.

एका तोळ्याला किती बोर्ड लागतील? १० ग्रॅमला ४० किलो, आणि उघडा मायक्रो-एटीएक्स (डेस्कटॉपचा एक छोटा आकार) बोर्ड अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, म्हणजे ८० बोर्ड. तेही एक कणही वाया न जाता.

आता या २५ मशिनांतून नेमकं काय निघतं ते पाहा. पत्र्याचे कॅबिनेट शंभर किलोंच्या वर. पॉवर सप्लाय तीसएक किलो. हार्ड डिस्क बारा-पंधरा किलो. मदरबोर्ड साडेबारा किलो. प्रोसेसर पाऊण किलोच्या आत आणि रॅमच्या पट्ट्या अर्धा किलो. सोन्याचा जवळजवळ सगळा साठा शेवटच्या तीन वस्तूंच्या १४ किलोंत आहे. दीडशे किलोंच्या ढिगातून हे १४ किलो वेगळे काढायला दोन माणसांचा एक दिवस लागतो. या धंद्यात विकणाऱ्याच्या हातात असलेली सगळ्यात मोठी कमाई त्या एका दिवसात आहे.

प्रतवारी कशी करायची, ते जरा सविस्तर सांगायला हवं.

रॅम सगळ्यात वर. खालच्या कडेला जे पिवळे दाते असतात त्यांच्यावर कठीण सोन्याचा मुलामा असतो, कारण पट्टी काढता-घालताना घासली जाते. हा थर पाऊण मायक्रॉनच्या आसपासचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एक चौरस सेंटिमीटरवर ०.७६ मायक्रॉन सोनं म्हणजे दीड मिलिग्रॅम. डीडीआर-३च्या पट्टीला २४० दाते, दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ मिळून पावणेपाच चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका पट्टीला फार तर ७ मिलिग्रॅम. पन्नासएक पट्ट्यांचा किलो होतो. याउलट मदरबोर्डावर इतरत्र दिसणारा जो सोनेरी रंग असतो, ते स्क्रूभोवतीचे गोल किंवा टेस्ट पॉइंट, तो बहुतेक ०.०५ ते ०.१ मायक्रॉनचा असतो. चौरस सेंटिमीटरला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम. दिसायला दोन्ही सारखे, किमतीत जवळजवळ दहापटीचा फरक.

दाते कात्रीने कापून वेगळे विकायचा मोह अनेकांना होतो. करू नका. दाते नसलेली रॅम आणि सॉकेट (प्रोसेसर बसवायची चौकट) उपटलेला मदरबोर्ड खालच्या प्रतीत टाकले जातात, आणि मूठभर दात्यांना वेगळा घेणारा सापडत नाही. माल अखंड असला तरच प्रतीचा भाव मिळतो.

प्रोसेसर बोर्डावर ठेवून कधीही विकू नये. जुने सिरॅमिकचे प्रोसेसर सर्वांत मौल्यवान, त्यात पेंटियम प्रो हा सोन्याच्या बाबतीत सगळ्यांत प्रसिद्ध. नंतरच्या हिरव्या पाठीच्या प्रोसेसरांत सोनं बरंच कमी आहे आणि वरचं निकेलचा मुलामा दिलेलं तांब्याचं झाकण वजन वाढवतं. इंटेलने २००४ साली एलजीए-७७५ हे सॉकेट आणलं तेव्हापासून पिना प्रोसेसरवरून सॉकेटमध्ये गेल्या. एएमडीने डेस्कटॉपमध्ये एएम-४ सॉकेटपर्यंत प्रोसेसरलाच पिना ठेवल्या होत्या. म्हणून पिनांचा आणि बिनपिनांचा ढीग वेगळा करा. घेणारा तसाही करणारच आहे, फक्त तो त्याच्या गोदामात करेल आणि तुम्हाला मिश्र भाव देईल.

मदरबोर्ड देताना चार गोष्टी काढाव्या लागतात: सीआर-२०३२ बॅटरी, अॅल्युमिनियमचे हीटसिंक, पंखा, आणि कडेचे लोखंडी पत्रे. या राहिल्या तर खरेदीदार "घट" धरतो, आणि अंदाजाने धरलेली घट नेहमी विकणाऱ्याच्या अंगावर पडते. अॅल्युमिनियम वेगळं विकता येतं. बॅटऱ्यांच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या डब्यात ठेवा. एकमेकींना टेकल्या तर गरम होतात.

तपकिरी बोर्ड हा या ढिगातला हलका माल. पॉवर सप्लाय, जुने पिक्चर ट्यूबचे मॉनिटर आणि टीव्ही यांतले एका बाजूला तांबं असलेले हे कागदी फेनॉलिकचे बोर्ड आहेत. सोनं नाहीच म्हटलं तरी चालेल. तांबं ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत, अॅल्युमिनियम हीटसिंकमध्ये. हे हिरव्या बोर्डांत मिसळले तर सगळ्या पोत्याला तपकिरीचा भाव लागतो. पॉवर सप्लाय उघडायचा हट्टही धरू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर २३० व्होल्टच्या मुख्य लाइनचे शिखरमूल्य, म्हणजे सव्वातीनशे व्होल्टपर्यंतचा दाब, प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतो. बंद डबा म्हणूनच विकणं शहाणपणाचं. तारा कापून विकणार असाल तर आधी एका तारेचं टोक पात्याने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे.

हार्ड डिस्कच्या खालचा छोटा बोर्ड टी-६ किंवा टी-८च्या स्क्रू-ड्रायव्हरने निघतो आणि वजनाच्या मानाने चांगला असतो. पण माहिती त्या बोर्डावर नसून आतल्या तबकड्यांवर असते. बोर्ड काढला म्हणजे माहिती पुसली असं समजू नका. एसएसडीमध्ये आणि स्टोरेज मदरबोर्डालाच डाख दिलेल्या पातळ लॅपटॉपमध्ये मात्र बोर्ड हाच माहितीचा साठा आहे.

आणि प्रतवारीच्याही आधीची एक चाळणी: चालू काय आहे? चालणारा मदरबोर्ड, चालणारी डीडीआर-३ किंवा डीडीआर-४ रॅम आणि चालणारा प्रोसेसर यांना मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या दुरुस्तीच्या बाजारात भंगारापेक्षा कितीतरी अधिक दाम येतो. ७ मिलिग्रॅम सोन्यासाठी चालू रॅम दळायला देणं हा तोटा आहे, पैशाचाही आणि वस्तूचाही.

आता वाटांकडे.

दारावरचा भंगारवाला. सोय पूर्ण, भाव सर्वांत कमी. तो लोखंड-प्लास्टिकच्या सरासरीवर बोली लावतो आणि पुढे तीन-चार हात बदलून माल प्रतवारी करणाऱ्याकडे पोचतो; प्रत्येक हाताचं मार्जिन तुमच्याच भावातून जातं. पत्र्याचे कॅबिनेट त्याला खुशाल द्या, त्यात त्याचा दर इतरांच्या तोडीस तोड असतो. बोर्ड देऊ नका. पैशापेक्षा मोठं कारण पुढे येतंच. पाचपैकी दीड गुण.

घाऊक खरेदीदार. प्रतीनुसार भाव सांगणारा, रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड, तपकिरी बोर्ड यांचे वेगवेगळे दर देणारा माणूस सापडला तर रोख भाव इथेच सर्वांत चांगला मिळतो. पण त्याच्याशी व्यवहार करायला तुमचीही तयारी लागते. फोनवर सांगितलेला दर आणि काट्यावरचा दर यांत फरक पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पोत्याचं वजन वजा होतं का? काटा शून्यावर होता का? त्यावर चालू वर्षाचं मुद्रांकन आहे का? काटा तपासायला न उघडलेलं ५ किलोंचं आट्याचं पाकीट सोबत न्या, एवढी चाचणी पुरते. पावसाळ्यात ओल्या पोत्यांवर सरसकट घट कापली जाते, म्हणून माल कोरडा करूनच न्या.

इथे एक तांत्रिक फसगत सांगायलाच हवी. काही जण हातात धरायचं एक्स-रे तपासणी यंत्र बोर्डावर टेकवून "यात एवढे टक्के सोनं" असं दाखवतात. हे यंत्र पृष्ठभागाचा पातळ थरच वाचतं. दात्यावर टेकवलं तर सोनं भरपूर दिसणार, चिपवर टेकवलं तर शून्य. दोन्ही आकडे बोर्डाच्या किमतीबद्दल काहीच सांगत नाहीत. खरी परीक्षा म्हणजे सगळा लॉट दळायचा, त्यातून रीतसर नमुना काढायचा आणि तो भट्टीत गाळून सोनं-चांदी मोजायची. ती टनांच्या लॉटला परवडते, १४ किलोंना नाही. म्हणून छोट्या विक्रेत्याने "सोन्याच्या टक्क्यावर" दर ठरवूच नये. प्रत आणि वजन यांवरच बोलावं.

या वाटेची मोठी उणीव म्हणजे पुढचा प्रवास दिसत नाही. तो खरेदीदार स्वतः नोंदणीकृत असेल किंवा नोंदणीकृत रिसायकलरसाठी माल गोळा करत असेल आणि तसा कागद देत असेल तर पाचपैकी चार गुण. कागद नसेल तर भाव कितीही चढा असो, नको. कारण तोच माल उघड्यावर जाळून तांबं काढणाऱ्यांकडे जाऊ शकतो. बोर्डातल्या ब्रोमीनयुक्त अग्निरोधकामुळे आणि तांब्याच्या सान्निध्यामुळे उघड्या आगीत डायॉक्सिन ही अतिविषारी रसायनं तयार होतात; जुन्या डाखात शिसं असतं. दिल्लीतलं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद या कामासाठीही ओळखली जातात, आणि तिथल्या मुलांच्या फुप्फुसांनी त्या वाढीव भावाची किंमत मोजलेली असते.

नोंदणीकृत रिसायकलर. सध्याचे ई-कचरा नियम २०२२ सालचे, १ एप्रिल २०२३ पासून लागू. ज्या संस्थेत वर्षात कधीही १,००० किंवा जास्त उपकरणं वापरात होती ती "मोठा ग्राहक" ठरते, आणि तिला ई-कचरा नोंदणीकृतांनाच देणं बंधनकारक आहे. २५ मशिनांच्या शाळेला तो आकडा लागू होत नाही, पण वाट तीच योग्य. रिसायकलरचं नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तपासा. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं जुनं संमतिपत्र पुरेसं नाही. मुदत बघा, आणि त्यात तुमच्या मालाचे प्रकार आहेत का ते बघा. डेस्कटॉपचा सांकेतिक क्रमांक आयटीईडब्ल्यू-२, लॅपटॉपचा आयटीईडब्ल्यू-३.

सेवा म्हणून यांची जमेची बाजू मोठी आहे: गाडी येते, वजनाची पावती मिळते, पुनर्चक्रणाचं प्रमाणपत्र मिळतं, मागितलं तर हार्ड डिस्क समोर भोसकून किंवा दळून देतात. खोट एकच पण ठळक. बरेच जण "सगळा माल मिळून" एकच किलोदर देतात आणि छोट्या मालाला तर "आम्ही फुकट उचलतो" हेच उपकार म्हणून सांगतात. इथे विकणाऱ्याने एक गोष्ट माहीत करून घ्यावी. या नियमांत उत्पादक कंपन्यांना पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात आणि ती सोनं, तांबं, अॅल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंवर आधारलेली आहेत. म्हणजे रिसायकलरला धातू विकून एक उत्पन्न मिळतं आणि प्रमाणपत्रं विकून दुसरं. तुमच्या बोर्डांमधून दोन्ही निघतात. तेव्हा रॅम, प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची वेगळी पोती, त्यांवर वजनाच्या चिठ्ठ्या आणि तीन लेखी दरपत्रकं, एवढी तयारी ठेवून बोला. एकजिनसी, स्वच्छ माल दिसला की दर बदलतो. १४ किलोंसाठी गाडी परवडत नसेल तर शेजारच्या दोन-तीन शाळांचा माल एकत्र करा. पाचपैकी साडेतीन; प्रतवारीने दर देणारा असेल तर साडेचार.

त्यांच्याकडूनही बोर्ड बहुधा पुढे जातात. मोठ्या धातुभट्ट्या बेल्जियममधल्या होबोकेनला, स्वीडनमधल्या रॉन्स्करला, जपानमधल्या कोसाकाला आहेत. तिथे वितळलेलं तांबं मौल्यवान धातू स्वतःत ओढून घेतं, मग विद्युतशुद्धीकरणात तांबं निघून जातं आणि तळाच्या गाळात सोनं, चांदी, पॅलेडियम उरतं. वसुली ९५ टक्क्यांच्या वर. १ जानेवारी २०२५ पासून बाझल करारानुसार (घातक कचरा देशाबाहेर नेण्यावरचा आंतरराष्ट्रीय करार) सर्व ई-कचऱ्याच्या निर्यातीला आधी संमती लागते, त्यामुळे कागदपत्रं लांबतात आणि पैसे उशिरा येतात. रिसायकलर कमी दर का सांगतो याचं हे एक खरं कारण आहे, तेवढं त्याला द्यायला हवं.

राहिला घरी सोनं काढण्याचा उद्योग. शून्य गुण. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक देशभर सोनं-चांदी गाळतात, तेजाब त्यांच्या रोजच्या हातातलं. पण त्यांच्या मुशीत येणारा दागिना निम्म्याहून अधिक सोन्याचा असतो. बोर्डात दहा लाखांत अडीचशे भाग. आम्ल सगळ्यात आधी तांबं, निकेल आणि कथील खातं. विरघळलेलं सोनं उरलेल्या तांब्यावर पुन्हा बसतं. कथिलाचा चिकट गाळ गाळणी बंद करून टाकतो आणि सोन्याचे कण त्यात अडकतात. बंगळुरूतल्या अशा असंघटित कामाचा अभ्यास झाला होता, त्यात हाती लागणारं सोनं जेमतेम चतुर्थांश होतं. नायट्रिकचा तपकिरी धूर श्वासात गेला तर माणूस तेव्हा बरा वाटतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. उरलेलं निळं-हिरवं तांबं-निकेलचं पाणी मोरीत ओतणं गुन्हाच आहे. आपल्या १४ किलोंत, सगळं जुन्या प्रतीचं धरून, साडेतीन ग्रॅम सोनं असेल. चतुर्थांश म्हणजे ग्रॅमपेक्षा कमी. सराफकट्ट्यावरची धूळ धुणारे झारेकरीसुद्धा एवढ्यासाठी तेजाबाला हात लावणार नाहीत.

माल गेल्यावर एक काम उरतं. रिसायकलरच्या प्रमाणपत्रावरचं वजन तुमच्या काटा-पावतीशी जुळवा. ढिगाचं एकच वजन न लिहिता बोर्डांचं वजन वेगळं लिहून मागा, आणि हार्ड डिस्क दिल्या असतील तर त्यांचे अनुक्रमांक त्याच कागदावर हवेत. गाडी निघण्याआधी हे लिहून घेतलं नाही तर नंतर फोनवर मिळत नाही.